बॅच थांबवण्याचा अधिकार

2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून एकामागून एक लहान मुलं नागपूरच्या रुग्णालयांत यायला लागली. आधी साधा सर्दी-खोकला, त्यावर दिलेलं सिरप, मग लघवी बंद, मग डायलिसिस. वीसहून अधिक मुलं दगावली. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने ते सिरप तपासलं तेव्हा त्यात 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडं निकामी करणारं विषारी रसायन, निघालं. मान्य मर्यादा आहे 0.1 टक्का. त्यानंतर फार्मा मॅनेजमेंट शिकवणाऱ्या आम्हा लोकांत एक जुना वाद पुन्हा उसळला. एक गट म्हणतो, औषध क्षेत्रातल्या एमबीएला नीतिशास्त्र सक्तीचं करा, त्याशिवाय पदवी देऊ नका. दुसरा म्हणतो, नीती वर्गात शिकवून येत नसते, ती घरातून यावी लागते; पंचविशीच्या मुलाला दोन क्रेडिटचा विषय देऊन त्याचा स्वभाव बदलणार आहे का? या वादाच्या तीन-चार बैठकांना मी बसले. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे, आणि दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताहेत असं माझं ठाम मत झालं आहे.

दोघांनीही नीती हा माणसाच्या आतला गुण धरला आहे. एकाला तो शिकवावासा वाटतो, दुसऱ्याला तो शिकवता येणार नाही असं वाटतं, एवढाच फरक. औषधाच्या धंद्यात मात्र नीतीचा प्रश्न बहुतेक वेळा उभा राहतो तो गोदामात, खरेदीच्या टेबलावर, इन्सेन्टिव्हच्या तक्त्यात. बॅच थांबवायचा अधिकार कोणाला? तो वापरणाऱ्याची बढती कोणाच्या हातात? वाईट बातमी वर पोचायला किती सह्या लागतात? हे व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत, त्यांना उत्तरं आहेत, आणि ती उत्तरं शिकवता येतात. शनिवार दुपारचा नीतिशास्त्राचा वेगळा तास हे त्यासाठी फार तोकडं ठिकाण आहे. ऑपरेशन्स, फायनान्स, मार्केटिंग ज्या तासांना शिकवतात त्याच तासांना, त्याच गणितांत आणि त्याच मार्कांत ती यायला हवीत.

शिकवायला येण्यापूर्वी मी अकरा वर्षं कारखान्यात क्वालिटीत होते, म्हणून ड्रमपासून सुरुवात करते. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागतं. प्रॉपिलिन ग्लायकॉलचा ड्रम येतो 215 किलोचा. आतला द्रव पारदर्शक, दाटसर, गोडसर. डायएथिलिन ग्लायकॉलही पारदर्शक, दाटसर, गोडसर, आणि स्वस्त. डोळ्याला, नाकाला, बोटाला फरक कळत नाही. तो कळतो गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला. समजा, चाळीस ड्रमचा लॉट आला आहे. खात्रीची पद्धत म्हणजे प्रत्येक ड्रमचा नमुना वेगळा तपासणं. सोयीची पद्धत म्हणजे पाच-सात ड्रममधून नमुने काढून ते एकत्र करणं आणि एकच चाचणी लावणं. महिन्याची 27 तारीख आहे. प्रॉडक्शनची टाकी रिकामी उभी, स्टॉकिस्टच्या, म्हणजे ठोक विक्रेत्यांच्या, ऑर्डरी पडलेल्या. खरेदी अधिकाऱ्याने नवा पुरवठादार शोधून किलोमागे चार पैसे वाचवले म्हणून मागच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालेलं. क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) प्रमुखाचं अप्रेझल प्लांट हेड करतो, आणि प्लांट हेडचा बोनस ठरतो महिनाअखेरच्या डिस्पॅचवर. गुणवत्ता नियंत्रण उत्पादनापासून स्वतंत्र हवं असं औषध नियमांतलं शेड्यूल एम, म्हणजे उत्पादन कसं करावं याची नियमावली, सांगतं. कागदावर ते असतंच. संघटनेच्या तक्त्यात दोन वेगळ्या चौकटी काढलेल्या असतात. पगारवाढीची रेघ मात्र कोणत्या चौकटीतून जाते? या गोष्टीत दुष्ट माणूस घालायची गरजच नाही. सगळे सज्जन आहेत, सगळ्यांच्या घरी लहान मुलं आहेत, असं धरा. चाळिसावा ड्रम तरीही न तपासता टाकीत जातो.

आणि तो पुन्हा पुन्हा गेला आहे. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्येच विरघळवून ‘एलिक्झिर’ म्हणून विकलं गेलं आणि शंभरहून अधिक माणसं मेली. कंपनीने ते बाजारात आणण्याआधी तपासलं होतं: चव, रंग आणि वास. ते मिश्रण बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाने पुढे आत्महत्या केली. त्या माणसाला सदसद्विवेक नव्हता असं कोण म्हणेल? विषारीपणाची चाचणी मात्र नव्हती, आणि ती 1938च्या कायद्याने आणली. मग 1986च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल पोटात जाऊन 14 रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या 1988च्या अहवालाने खरेदी, तपासणी, औषध प्रशासन ते मंत्रालय अशा सगळ्या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. 2022 मध्ये गांबियातल्या सुमारे 70 मुलांचे मृत्यू भारतात बनलेल्या सिरपशी जोडले गेले, त्यामागोमाग उझबेकिस्तान, आणि आता छिंदवाडा. 88 वर्षांत देश बदलले, भाषा बदलल्या, घरातले संस्कार बदलले. प्रश्न संस्कारांचाच असता तर प्रत्येक वेळी चूक नेमकी त्याच ठिकाणी, न केलेल्या तपासणीत, कशी झाली असती?

संस्कारवाल्यांना मी परळच्या हाफकिन संस्थेची गोष्ट सांगते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. याहून मोठी सचोटी कोणती? तरीही 1902च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली. चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर टाकला, हाफकिन यांना पदावरून दूर केलं. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता, हा मुद्दा मागे पडला. रोनाल्ड रॉस यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कुठे कलंक पुसला. पाच वर्षं! ‘कोणाचं चुकलं’ हा प्रश्न आधी विचारला की ‘कसं चुकलं’ या प्रश्नाला उत्तर मिळायला इतका उशीर होतो. चिमटा पडला तर काय करायचं, जादा चिमटा जवळ असावा की नाही, बाटली किती माणसांची असावी, हे सारं कोणीतरी आधी ठरवून द्यायला हवं होतं. ठरवून देणं म्हणजेच व्यवस्थापन.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. नीतिशास्त्र शिकवून काही होत असतं तर जगातल्या नामवंत बिझनेस स्कूलमधून बाहेर पडलेली माणसं अशी का वागली? हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा प्रमुख जेफ स्किलिंग हार्वर्डचा एमबीए. एन्रॉन कोसळल्यावर हार्वर्डने 2004 पासून नेतृत्व आणि उत्तरदायित्व यांचा सक्तीचा कोर्स सुरू केला. 2009 मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या शपथेसारखी एमबीएची शपथ तयार केली. आणि 2017 साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने, जिथे अशा संस्थांतली सर्वांत हुशार मुलं नोकरीला जातात, ऑक्सिकॉन्टिन ही व्यसन लावणारी वेदनाशामक गोळी विकणाऱ्या परड्यू फार्मासाठी एक सादरीकरण बनवलं. औषध वितरण सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या ज्या ग्राहकांना या गोळीचा ओव्हरडोस होईल, त्या प्रत्येकामागे त्या कंपन्यांना सूट द्यावी असा एक पर्याय त्यात मांडला होता, आणि एका मांडणीत दर घटनेमागे 14,810 डॉलर असा आकडाही काढला होता. पुढे 2021च्या फेब्रुवारीत मॅकिन्झीने अमेरिकेतल्या राज्यांशी 57.3 कोटी डॉलरची तडजोड केली. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सादरीकरणातला तो आकडा पहिल्यांदा वाचला त्या रात्री माझा डोळा लागला नव्हता.

पण त्या आकड्याकडे नीट पाहा. तो काढणाऱ्याने शिकलेलं विसरून काढलेला नाही. त्याला जे शिकवलं तेच त्याने चोख केलं: अडचण आली, तिची किंमत काढ, ती कोण सोसेल ते ठरव, ग्राहकाचा विरोध मावळेल असा प्रस्ताव दे. नीतीचा कोर्स दुसऱ्या खोलीत झाला होता आणि हे गणित या खोलीत चाललं होतं. दोन खोल्यांमधली ही भिंत आपणच बांधली आहे, आणि सक्तीचा वेगळा विषय मागणारे माझे सहकारी नकळत तीच आणखी जाड करताहेत.

मर्क या अमेरिकी औषध कंपनीचं उदाहरण पाहा. 1987 साली या कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी जाहीर केलं की आफ्रिकेतल्या नदीकाठच्या गावांना आंधळं करणाऱ्या रोगावरचं आयव्हरमेक्टिन गरज असेल तितके दिवस फुकट देऊ. ही केस जगभर बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात, मीही शिकवते, आणि वर्ग भारावून जातो. त्याच मर्कचं व्हायोक्स हे सांधेदुखीचं औषध 1999 मध्ये बाजारात आलं. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके नॅप्रोक्सेन हे जुनं वेदनाशामक घेणाऱ्यांच्या तुलनेत कैकपट दिसले. कंपनीचं स्पष्टीकरण असं की नॅप्रोक्सेनच हृदयाला सांभाळतं. 30 सप्टेंबर 2004 ला औषध मागे घेतलं गेलं, 2007 मध्ये 485 कोटी डॉलरची तडजोड झाली. यातला जो कागद मी वर्गात वाटते तो विक्री प्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचा आहे. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तो उघड झाला. त्यात ‘डॉजबॉल व्हायोक्स’ नावाचा खेळ होता. हृदयाच्या धोक्याबद्दल डॉक्टर विचारतील ते प्रश्न म्हणजे अडथळे, आणि प्रतिनिधीने ते चुकवायचे. एकच कंपनी, एकच नाव, मध्ये फार तर पंधरा वर्षं. कंपनीचा ‘स्वभाव’ शोधणाऱ्याने यातलं कुठलं पान खरं मानायचं? मी मुलांना सांगते, स्वभाव शोधू नका, प्रशिक्षणाचा कागद शोधा.

गेल्या वर्षीच्या वर्गात एक मुलगा होता, लातूर-उदगीर भागात तीन वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणून फिरलेला. डॉजबॉलचा कागद वाचून तो उठला आणि फळ्यावर स्वतःचा इन्सेन्टिव्हचा तक्ता लिहिला. टार्गेटच्या 95 टक्क्यांखाली शून्य, 95 ला आठ हजार, 100 ला पंधरा. ‘‘मॅडम, 29 तारखेला मी 93 वर उभा असायचो. बायकोला सातवा महिना. मग काय करणार? स्टॉकिस्टच्या गळ्यात माल घालायचा, कंपनीकडून स्टॉकिस्टला झालेली ‘प्रायमरी’ विक्री दाखवायची. तो माल पुढे निघावा म्हणून डॉक्टरकडे खेटे घालायचे, अँटिबायोटिकसाठी सुद्धा.’’ वर्ग गप्प झाला. मी विचारलं, तू एरिया मॅनेजर झालास तर हा तक्ता कसा लिहिशील? त्या दिवशीचा उरलेला तास त्यातच गेला. 95 वरची ती कड काढून टाकायची. प्रायमरीऐवजी केमिस्टकडे प्रत्यक्ष गेलेला माल धरायचा. तीन महिन्यांची सरासरी घ्यायची. अँटिबायोटिकच्या खपावर इन्सेन्टिव्ह ठेवायचाच नाही. फायनान्सच्या एका मुलीने लगेच विचारलं, शेजारची कंपनी जुनाच तक्ता चालवत असेल तर चांगली पोरं तिकडे जातील, त्याचं काय? प्रश्न रास्त होता. 2013च्या डिसेंबरात ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने प्रतिनिधींचा पगार विक्रीपासून तोडायचं जाहीर केलं आणि ते केलंही. 2019 मध्ये काही खास औषधांपुरता तो पुन्हा विक्रीला जोडला, कारण अनुभवी माणसं मिळेनात. अशा प्रश्नावर तास-तास झगडणं हेच मला नीतीचं शिक्षण वाटतं. ‘खरं बोलावं’ या वाक्याला वर्गातला कोणीच विरोध करत नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकतही नाही.

‘कायदा आहे ना, तो पाळला की झालं’ असं म्हणणारा एक तिसरा गट असतो. त्यांचे गुरू अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन. धंद्याची जबाबदारी म्हणजे खेळाच्या नियमांत राहून नफा वाढवणं, हा त्यांचा प्रसिद्ध लेख 13 सप्टेंबर 1970 चा. त्यानंतर सहाच दिवसांनी, 19 सप्टेंबर 1970 ला, भारताच्या पेटंट कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. औषधाच्या पदार्थावर पेटंट द्यायचं नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर द्यायचं, हा नैतिक निर्णयच नियमात उतरला. त्याच्याच बळावर 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ केला, जो तेव्हा श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या वर होता. खेळाचे नियम आभाळातून पडत नाहीत, आणि औषध उद्योगात तर नियम लिहिले जात असताना उद्योग त्याच खोलीत बसलेला असतो. शिवाय नियमांत फटी असतात. डॉक्टरांना सोन्याची नाणी, फ्रिज, लॅपटॉप दिल्याचा खर्च एका कंपनीने करातून वजा मागितला होता. युक्तिवाद असा की भेट घ्यायला डॉक्टरला बंदी आहे, द्यायला कंपनीला नाही. 2022च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात तो फेटाळला. तोवर तो कितीतरी ताळेबंदांत कायदेशीर खर्च म्हणून बसला असेल, आणि तो बसवणारे अकाउंटंट परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेले असणार. 2024च्या मार्चमध्ये आलेल्या सरकारच्या औषध विपणन संहितेत पाळणुकीची जबाबदारी कंपनीच्या प्रमुखावर टाकली आहे आणि त्याने स्वघोषणा द्यायची आहे. त्या सहीमागे खाली कोणती यंत्रणा उभी करायची, हे त्या प्रमुखाला शिकवणार कोण?

राहिला खर्चाचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. दर ड्रम तपासायचा तर यंत्र हवं, माणूस हवा, दोन दिवस हवेत. एमआयडीसीतला छोटा कारखाना हे कुठून आणणार? औषध महाग झालं तर गरिबाचं मूल औषधाविना जाईल, तीही नीतीचीच हार. पण किंमत आणि गुणवत्ता यांत एकच निवडावं लागतं, असं मानून गणिताला बसायचं कारण नाही. पुण्यात हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी लस बनली, तेव्हा सुरुवात किमतीपासून झाली. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. मग तंत्रज्ञान एकीकडून, कच्चा माल दुसरीकडून, उत्पादन पुण्यात अशी जुळणी झाली, जागतिक आरोग्य संघटनेची गुणवत्तेची परीक्षा पार केली, आणि 2010च्या डिसेंबरात बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. हे कोणाच्या दानतीपेक्षा नेटक्या नियोजनाचं यश आहे. पुण्यातल्या किती एमबीए वर्गांत ही केस शिकवतात? आमची मुलं टायलेनॉलची, म्हणजे विष मिसळलेल्या गोळ्या कंपनीने बाजारातून परत घेतल्याची, 1982ची शिकागोची गोष्ट तोंडपाठ सांगतात आणि हडपसरची सांगू शकत नाहीत.

ड्रमची केस मी दरवर्षी पहिल्याच तासाला देते, नीतीचा शब्दही न उच्चारता, ऑपरेशन्सचं गणित म्हणून. दोन वर्षांपूर्वी एका हुशार मुलाने मिनिटभरात उत्तर दिलं होतं, ‘‘मॅडम, डिस्पॅच करून टाकू, रिपोर्ट मागून लावता येईल.’’ पूर्ण वर्गाने मान डोलावली. त्याच मुलाचा परवा संध्याकाळी फोन आला. आता तो सिरप बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत बजेट बघतो. त्याच्या कंपनीने प्रत्येक ड्रम तपासायचं ठरवलं आहे आणि तो खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा यावर दोन दिवस खल चालला आहे. सगळे म्हणतात, क्यूसीच्या खर्चात टाक. मी म्हटलं, तिथे टाकलास तर पुढच्या मार्चमध्ये कात्री लागताना पहिली तिथेच लागेल. कच्च्या मालाच्या किलोमागच्या दरात धर, म्हणजे खरेदीवाला दोन पुरवठादारांची तुलना करायला बसेल तेव्हा तपासणीसकटचाच भाव त्याच्या समोर असेल. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘‘थांबा मॅडम, लिहून घेतो.’’